सर्वांचं मत आणि कुमुदकाकूंची खोली

तुमच्या नावाने शेवटचं मत कोणी मांडलं, आणि ते मांडलं जात होतं तेव्हा तुम्ही काय करत होता?

घाईने उत्तर देऊ नका. मी हे आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या लोकांना विचारते आहे. जे अजून भोपाळमध्ये आहेत त्यांना, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांनाही. तुम्ही आमच्या टाउनशिपचे नसाल तरी वाचा. तुमच्या फोनमध्येही सगळ्यांच्या नावाने बोलणारा एखादा ग्रुप असेलच.

मी भोपाळ सोडलं ती दुपार कडक उन्हाची होती. क्वार्टरच्या फाटकाशी ऑटो उभा होता आणि ऑटोवाले भैया पान चघळत आमचा निरोप आटोपायची वाट बघत होते. आई पिशवीत बसणार नाही ती वस्तू पिशवीत बसवत होती. बाबा कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहीत. त्यांना काही म्हणायचं असलं की ते लिहीत, आणि मुलीला निरोप द्यायचं पत्रक त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. तेवढ्यात समोरून कुमुदकाकू आल्या, हातात कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्यांचा डबा. क्रांती हे माझं नाव बाबांनी ठेवलं आणि त्याची सगळ्यात जास्त थट्टा काकूंनीच केली. लहानपणी मी त्यांच्या दारात दिसले की त्या म्हणत, क्रांती आली, आता दूध नासणार. त्या दिवशी मात्र डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पुण्याला जाऊन राहिली तर ध्यानात ठेव. दुपारी कोणाच्या दारावर जाऊ नको, उघडत नाहीत म्हणे. आणि भाजीत गूळ निघाला तर रडू नको."

आम्ही सगळे हसलो. ऑटो आनंद नगरच्या चौकातून रायसेन रोडला लागला तेव्हा मी हसतच होते. रडू स्टेशनवर आलं, आणि तेही बाबांनी खिडकीतून आत हात घालून माझ्या पाठीवर ठेवला म्हणून.

आमचं मूळ गाव अमरावतीकडचं. बाबा तरुणपणी भोपाळच्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागले आणि इथलेच झाले. मी हिंदी वाचायला शिकले ते पत्रकांवर. युनियनच्या ऑफिसात शाईने हात काळे करणारं जुनं सायक्लोस्टाइल मशीन होतं. त्यावर काढलेले कागद वाळायला आमच्या पलंगावर पसरलेले असत आणि मी, आई आणि धाकटा भाऊ खाली सतरंजीवर झोपत असू. पत्रकं हिंदीतच निघायची, "साथियो" अशी सुरुवात करून. बाबा विचार मराठीत करत आणि लिहीत हिंदीत, त्यामुळे त्यांचे मित्र म्हणत, वानखेडे जी, आपकी हिंदी में भी ठेचा है.

त्या पत्रकांची एक रीत होती, ती सांगते. प्रत्येक पत्रकाच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि क्वार्टर नंबर असे. कारखान्यात दुसऱ्या युनियनही होत्या. त्यांच्या पत्रकाखाली "समस्त कर्मचारी" असं छापलेलं असे. एकदा आमच्याच युनियनच्या पुढाऱ्यांनी बाबांना समजावलं की "समस्त" लिहिलं की वजन येतं, मॅनेजमेंट घाबरते. बाबा म्हणाले, "समस्त कर्मचारियों से मैं मिला नहीं हूँ." विषय तिथेच संपला. ज्याला पत्रक पटायचं नाही तो संध्याकाळी घरी यायचा. दारातच आवाज चढायचा, मग आई चहा टाकायची, मग आवाज आणखी चढायचा. आमच्या घरात जितकं भांडण मी ऐकलं तितकं कुठेच ऐकलं नाही, आणि त्यातला एकही माणूस पुढे आमच्याशी बोलायचा थांबला नाही.

नाव झाकायचं तर कोणाचं, हेही बाबांनी शिकवलं. ठेक्यावरच्या मजुराने तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवत. त्याची तक्रार बाबा आपल्या नावाने छापत. "ज्याची नोकरी जाऊ शकते त्याचं नाव झाकावं. ज्याचं काहीच जात नाही त्याने नाव झाकलं तर समजावं, काही तरी गडबड आहे." हे वाक्य मी पाठ केलेलं नाही, तरी ते पाठ आहे.

पुण्यात आले तेव्हा माझी मराठी लोकांना गमतीची वाटली. "मी येऊन राहिले" म्हटलं की ऑफिसातल्या मुली हसायच्या आणि विचारायच्या, तू हिंदी का मूळची? मी म्हणायचे, नाही, मी भोपाळची. ते त्यांना उत्तर वाटायचं नाही. हळूहळू माझं "येऊन राहिले"चं "येतेय" झालं. सकाळचे पोहे सुटले नाहीत, पण त्यांच्याबरोबरची जिलबी सुटली. घरी फोनवर बोलताना आई म्हणायची, तू आता रेडिओसारखं बोलतेस.

काम मात्र आवडलं. जगभरातले लोक एकत्र येऊन एक फुकटचं सॉफ्टवेअर बनवतात आणि दुरुस्त करतात, आणि आमची कंपनी आपली काही माणसं त्या कामाला देते. मी त्यातली एक. कोणी कोणाला भेटलेलं नसतं. जे बोलायचं ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. अगदी सुरुवातीला मी त्या सॉफ्टवेअरच्या माहितीच्या एका पानाबद्दल लिहिलं की ही रचना सगळ्यांना गोंधळाची वाटते. परदेशातल्या एका बाईंनी, ज्यांचा चेहरा मी आजही पाहिलेला नाही, शांतपणे उत्तर दिलं: सगळ्यांचं मला ठाऊक नाही, तुला कुठे अडलं ते सांग, आपण ते सुधारू. आधी मला राग आला. मग हसू आलं. समस्त कर्मचाऱ्यांना मीही भेटले नव्हते. "मला इथे अडलं" असं लिहिलं आणि ते पान लवकरच सुधारलं. माझं एकटीचं मत लहान होतं, पण त्याला उत्तर देता येत होतं.

दरम्यान भोपाळमध्ये टाउनशिप रिकामी होत होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. काही जण भोपाळमध्येच सोनागिरीत गेले, काही नागपूरला, काही मुलांमागे पुण्याला आणि परदेशात. आमच्या आईबाबांनी आनंद नगरमध्ये लहानसं घर बांधलं. रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्या लोकांनी काढून नेल्या, अंगणात रान माजलं. राहती वस्ती गेली तशी टाउनशिप फोनमध्ये आली. आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप निघाला. अरविंदकाकांनी काढला. ते कारखान्याच्या प्रशासन विभागातून निवृत्त झाले होते आणि आता नागपूरला असतात. माणूस नीटनेटका, कोणाचं मयत असो की मुंज, धावून जाणारा. त्यांनी ग्रुपसोबत इंटरनेटवर एक सामाईक पानही उघडलं, टाउनशिपच्या आठवणींचं. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं.

सुरुवातीला मी ते पान रोज उघडायचे. कुठल्या झाडाच्या चिंचा गोड, दसऱ्याला कोणाकडे किती पोरं जेवायची, असं सगळं. पण थोड्याच दिवसांत लिहिणाऱ्यांची नावं गळत गेली आणि पानभर "आपण सगळे" पसरलं. आपण सगळे किती सुखात होतो. आपल्याकडे कधी कोणी जात विचारली नाही. मी त्या ओळीखाली लिहिलं: माझ्या आईला विचारली होती, हळदीकुंकवाला, मी तिच्या शेजारी उभी होते. क्रांती वानखेडे. दुसऱ्या दिवशी माझी ओळ गेलेली होती. कोणी काढली ते कळलं नाही. ग्रुपवर एवढंच आलं की सर्वांच्या भावना जपाव्यात. त्या सर्वांमध्ये माझी आई नव्हती.

आता कुमुदकाकूंचं सांगते.

त्यांचे यजमान बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात, लेथवर टर्नर होते. नोकरीत असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मंडळाची बैठक झाली. कारखान्याने मंडळाला एक हॉल वापरायला दिला होता, त्याच्या मागे एक खोली होती. त्या बैठकीत एकेक जण उठला आणि आपलं म्हणणं बोलला. दोघांनी विरोधही केला, काकूंच्या तोंडावर. काकू त्या दोघांशी तिथल्या तिथे भांडल्या. शेवटी ठरलं की त्यांनी खोलीत राहावं आणि हॉल सांभाळावा. त्यांनी सांभाळला. सकाळी पोरांचा वर्ग घेतला, मीही त्याच वर्गात "बदकाचा ब" शिकले. गणपतीत आरास केली. पोरं वाढली, पांगली, वर्ग बंद पडला. काकू राहिल्या. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, म्हणून त्या ग्रुपमध्ये कधीच नव्हत्या.

मग ग्रुपवर सुरू झालं. काही जणांना वाटतं की हॉलचा चांगला उपयोग व्हायला हवा. बाहेरून येणाऱ्या आपल्या माणसांना उतरायला एक खोली हवी, असा अनेकांचा सूर आहे. लोक म्हणतात की काकू हॉल स्वतःचा समजतात. कोणाकोणाचा अनुभव आहे की त्या फटकळ बोलतात. काही जण, अनेक जण, लोक, कोणी. यातल्या एकाही माणसाला मी आजपर्यंत भेटू शकलेले नाही.

शेवटी अरविंदकाकांचा मोठा संदेश आला. सर्वांचं मत विचारात घेऊन ठरलं आहे की मागची खोली पाहुण्यांसाठी तयार करावी आणि कुमुदताईंनी आपल्या पुतण्याकडे सुखाने राहावं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात बाबांचा अंगठाही होता.

मी फोन केला. बाबा म्हणाले, "अगं, वाचलं म्हणून टाकला." त्यांच्या कारखान्यात ऑफिसचं सर्क्युलर शॉपमध्ये फिरत येई. प्रत्येकाने ते पाहून कोपऱ्यात छोटी सही करायची. सही म्हणजे पाहिलं, एवढंच. पटलं की नाही ते नंतर गेटवरच्या सभेत दिसायचं. आयुष्यभर हेच केलेली ती माणसं. निवृत्तीनंतर फोन हातात आला आणि त्यांनी अंगठ्याचं तेच केलं. लग्नाची बातमी, अंगठा. पाण्याची टाकी बंद, अंगठा. काकूंची खोली, अंगठा. बाबांना वाटलं, हा नुसता विषय आला आहे, आता बैठक होईल, तिथे बोलू. ते तर भाषण मनात जुळवतही होते.

बैठक झाली नाही. मंडळाचे दोन जण काकूंच्या दारात गेले आणि त्यांनी फोन दाखवला. पाहा ताई, आमचं एकट्याचं नाही, सर्वांचं मत आहे. काकूंनी चष्मा लावला. अंगठ्यांपुढची नावं एकेक करून वाचली. त्यांनी वाद घातला नाही, याचं त्या दोघांना पुढे फार कौतुक वाटलं. काकूंनी फक्त एक विचारलं, वानखेडे भाऊजींचं पण आहे का हे? आहे म्हणाले. त्या आत गेल्या आणि भांडी आवरायला लागल्या.

मी ग्रुपवर लिहिलं. मी, क्रांती वानखेडे, माझं मत असं आहे की काकूंनी त्या खोलीतच राहावं. कारण मंडळाने त्यांना समोर बसवून शब्द दिला होता आणि तो शब्द देणारे निम्मे लोक या ग्रुपमध्ये आहेत. मला विरोध असणाऱ्यांनी कृपया आपलं नाव घालून "मला वाटतं" असं लिहावं. मी प्रत्येकाला उत्तर देईन.

ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. पण मला वेगळे, खासगी संदेश येत राहिले. बेटा, तुझं अगदी बरोबर आहे, पण ग्रुपवर नको. मीही मनातून काकूंच्याच बाजूचा, पण सगळ्यांविरुद्ध कसं जायचं. एकाने लिहिलं, आमच्या घरी सगळ्यांना वाईट वाटलं, पण माझं नाव घेऊ नकोस. मी बसून ते संदेश वाचत गेले आणि मला कळेना की सगळे जर काकूंच्या बाजूचे, तर हे "सर्व" कोण. यातल्या कोणाची नोकरी जाणार नव्हती. कोणालाही गेटवरून कोणी परत पाठवणार नव्हतं.

मग अरविंदकाकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. मी भावनेच्या भरात लिहून राहिले आहे, ग्रुप टिकला पाहिजे, वाद झाला की लोक सोडून जातात, असं बरंच समजावलं.

मी म्हटलं, "काका, सगळ्यांचं मत आहे तर त्यात तुमचंही असेल. तेवढं एक सांगा. तुमचं मत काय?"

ते कसनुसं हसले. मग म्हणाले, "माझं कसलं मत बेटा. मी तर फक्त लिहिणारा."

मी विचारलं, प्रशासनात तुम्ही जन्मभर सर्क्युलर काढली, कोपऱ्यातली सही म्हणजे संमती नसते हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? त्यावर ते म्हणाले, "विरोध असता तर लिहिलं असतं ना कोणी." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपमध्ये नव्हते.

बाबांनी ग्रुपवर लिहिलं, मोठ्या कष्टाने, एकेक अक्षर शोधत. माझा अंगठा फक्त वाचल्याचा होता. माझा या निर्णयाला विरोध आहे. खाली नाव घातलं. त्यावर जोडलेले हात आले, कोणीतरी "भाऊसाहेब, आता विषय संपला" असं म्हटलं, आणि लगेच कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला. केकला पुष्कळ अंगठे मिळाले.

आईबाबा काकूंकडे गेले तेव्हा टेम्पो दारात होता. बाबा सांगू लागले की अंगठ्याचा अर्थ तसा नव्हता, सर्क्युलरसारखं होतं ते. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दारावर येऊन 'कुमुद, जा' म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते. तुमच्याशी भांडले असते, सगळ्यांशी भांडले असते. पण त्या फोनशी काय भांडू? भांडायला कोणी तरी समोर पाहिजे का नाही?"

हे मला आईने सांगितलं. बाबांनी आजवर सांगितलेलं नाही. बाबा त्यानंतर फारसं काही लिहीतही नाहीत.

काकू आता बैतुलला पुतण्याकडे आहेत. वाईट वागवतात असं नाही. जिन्याखालच्या जागेत त्यांची खाट आहे. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझी थट्टा केली नाही. बसा म्हणाल्या. मला, अहो-जाहो. परतताना बसमध्ये तेच सारखं कानात येत होतं. आपल्या पोरीला कोणी "बसा" म्हणतं तेव्हा तिचं एक घर संपलेलं असतं.

हॉलच्या मागची ती खोली रंगवली, पलंग टाकला. उतरायला कोणी आलेलं नाही. ज्यांच्या नावाने ती रिकामी झाली ते भोपाळला आले की हॉटेलात उतरतात.

आपण बाहेर गेलेले लोक घराबद्दल फार हळवं बोलतो. मीही बोलायचे. चिंचा, पोहे, कारखान्याचा भोंगा. आता मला ते पुरत नाही. माझ्यासाठी घर म्हणजे जिथे माझं कोणाला पटलं नाही तर तो ते मला सांगतो आणि बोललेलं माझंच असेल तर त्याचं उत्तरही मीच ऐकून घेते. भोपाळच्या टाउनशिपमध्ये ते होतं. क्वार्टरं पडली म्हणून ते गेलं नाही. आपण सगळे एका सर्वनामाच्या मागे जाऊन उभे राहिलो, तेव्हा गेलं. पुण्यातल्या कामात, जिथे कोणी कोणाचं नातलग नाही, तिथे ते मला थोडंफार मिळतं. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

म्हणून मागणं एकच आहे, आणि ते आजच करण्याजोगं आहे. ज्यांचा ज्यांचा अंगठा त्या रांगेत होता, त्यांनी काकूंना फोन करावा. नंबर आईकडे आहे, आनंद नगरचं घर तुम्हाला माहीत आहे. फोन लागला की आपलं नाव सांगा आणि "मला वाटतं" पासून सुरू करा. चूक झाली वाटत असेल तर तसं सांगा. त्यांनी जायलाच हवं होतं असं वाटत असेल तर तेही सांगा, अगदी स्पष्ट सांगा. तुम्ही टाउनशिपचे नसाल, तर तुमच्या ग्रुपने ज्या माणसाबद्दल असं काही ठरवलं असेल त्याला करा. "आम्हाला" म्हणू नका, "सगळ्यांना" म्हणू नका, आणि मध्येच फोन ठेवू नका. काकू भांडतील. त्यांना भांडू द्या.